नाववाल्या काकांचा उजवा डोळा

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एक भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या दारात, टांगलेल्या बादल्यांखाली, स्टुलावर एक काका बसायचे आणि ते प्रत्येकाला अख्ख्या नावाने हाक मारायचे. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. "रेखा दत्ताराम पवार, जरा सरका, उजेड अडतोय." "हरीश मोहनलाल गुप्ता, दो कटिंग भेजो." नवीन माणसाला वाटायचं, इथे कोर्टाचा पुकारा चाललाय.

कारण साधं होतं. काकांचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला होता. ते एकाकडे बघून बोलायचे आणि उत्तर भलताच द्यायचा. तरुणपणी म्हणे एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामांना "या, बसा इथे माझ्याजवळ" म्हटलं आणि मामांच्या शेजारच्या बाईंना वाटलं आपल्यालाच म्हटलं. "पुढचं तुला सांगण्यासारखं नाही," काका मला म्हणाले होते. "एवढंच सांगतो, जेवायला न थांबता निघालो." त्या दिवसापासून बोलण्याआधी अख्खं नाव. चूक व्हायला जागाच ठेवायची नाही.

नावं त्यांना पाठ असायची, कारण नावं हाच त्यांचा धंदा. दुकानात कोणी तांब्या घेतला, पातेलं घेतलं, लग्नात द्यायला ताटांचा सेट घेतला की त्यावर मशीनने नाव घालायचं काम काकांचं. ते घर्र आवाज करणारं पेनासारखं मशीन हातात आलं की माणूस बदलायचा. आधी पेन्सिलने लिहून घेणं वगैरे काही नाही. थेट स्टीलवर. सौ. अमुक हिला तमुक यांजकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख. ओळ अशी सरळ की तिच्यावर मुंगी चालली तरी तिने शिस्तीत चालावं. अर्ध्या भाईंदरच्या मांडणीवर काकांचं अक्षर आहे. आणि अर्धं भाईंदर त्यांना नुसतं 'नाववाले काका' म्हणायचं. त्यांचं स्वतःचं नाव काय होतं, हे मीही कधी विचारलं नाही. हे लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. आता ते संगमेश्वरजवळ गावी असतात.

माझी आई त्या दुकानासमोर सुकी मासळी घेऊन बसायची. आम्ही जवळच्या राई गावचे. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि हे मी विचारल्याशिवाय सांगते, कारण विचारायची वाट बघत बसले तर कोणी विचारत नाही. मी ऑप्टोमेट्री केलंय. पाड्यावर मला 'चष्मेवाली' म्हणतात. मी चष्मे विकत नाही. दोन डोळे नीट बघतात का, आणि मुख्य म्हणजे दोघं मिळून बघतात का, ते तपासणं हे माझं काम. माणसाला डोळे दोन असले तरी ते एकाच जागी लागावे लागतात. ते लागले नाहीत की वस्तू किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि लहानपणापासून चुकत असेल तर माणसाला वाटतं जग असंच असतं.

दुपारी आई जेवायला गेली की मासळीच्या पाटीजवळ मी बसायचे. मांडीवर पुस्तक, समोर बोंबील. दुसऱ्या वर्षाला आम्हाला तिरळेपणाचा धडा आला. मी पुस्तकातलं चित्र बघितलं, मान वर केली, तर तेच चित्र पाच पावलांवर बसून जर्मनच्या डब्यावर नाव घालत होतं.

मग मी काकांना नीट बघायला लागले. ते काहीही करायच्या आधी करंगळी टेकवायचे. मशीन चालवण्याआधी करंगळी स्टीलला. पायरी उतरताना आधी बुटाचं टोक. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकल्याशिवाय ते किटली तिरकी करायचेच नाहीत, आणि गडबडीत केलीच तर चहा बशीत, नाहीतर शेठच्या बिलबुकावर. छत्री खुंटीला अडकवायची तर आधी भिंतीवरून हात फिरवत खुंटी शोधणार. सगळ्यांना वाटायचं, काका फार सावकाश आणि नीटस. मला कळलं की काका आंधळ्या कोशिंबिरीचा डाव साठ वर्षं खेळतायत आणि कोणाला पत्ता नाही.

काकांना मात्र त्या डोळ्याचा भारी अभिमान. "एक डोळा कामाला, एक पहाऱ्याला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते खरं करून दाखवणारा एक किस्सा ते दर आठवड्याला सांगायचे. एक चांगल्या घरची बाई. काका खाली मान घालून नाव घालतायत. बाईने एक स्टीलचा डाव पिशवीत सरकवला. सहज काकांकडे बघितलं, तर काकांचा एक डोळा पातेल्यावर आणि एक तिच्यावर. बाईने डाव परत ठेवला. बाईने परत पिशवीत घातला, परत बघितलं, डोळा तिथेच. शेवटी तिने डाव तर जागेवर ठेवलाच, वर लाजेखातर एक कढई विकत घेऊन गेली. "मला शेवटपर्यंत माहीतच नव्हतं," काका म्हणायचे. "शेठने माळ्यावरून बघितलं सगळं."

शेठ म्हणजे दुकानाचे मालक, गुजराती, मनाने बरे. त्यांच्या आईने काकांना कामावर ठेवलं होतं ते डोळा बघूनच. तिरळा माणूस भाग्याचा, अशी तिची पक्की समजूत. पहिल्या दिवशी काका आले आणि त्याच दिवशी एका केटरिंगवाल्याची मोठी ऑर्डर आली. झालं. तेव्हापासून धनतेरसला दुकानाचं शटर काकांनीच उघडायचं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला काकांचं तोंड दिसलं पाहिजे. नवी टोपी, कपाळाला कुंकू, आणि दारात उभं. नाव घालणारे दुसरेही मिळाले असते, मशीनं आली होती, पण असा डोळा कुठून आणणार? काकांच्या लेखी त्यांची नोकरी, घर, मुलाचं शिक्षण, सगळं त्या उजव्या डोळ्याने आणलं होतं.

मला सरावासाठी माणसं हवी होती. मी टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन काकांकडे गेले.

"काका, डोळे तपासू?"

माझं अख्खं नाव घेऊन काका म्हणाले, "तपास. पण रोग शोधू नको हां. रोग नाही, भाग्य आहे ते."

मी त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोरचं पातेलं वाचायला सांगितलं. खडाखड वाचलं. मग डाव्यावर हात ठेवला.

"आता वाचा."

काकांची मान डावीकडे, मान उजवीकडे.

"कोणी घातलंय हे नाव?" ते म्हणाले. "अक्षर अगदीच खराब आहे."

"तुम्हीच घातलंय. सकाळी."

आई समोरून इतकी हसली की हातातला बोंबील पडला. काकाही हसले. मग मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं. दोन डोळे दोन दिशांना असले की मेंदूला दोन चित्रं येतात. लहान मुलाचा मेंदू शहाणा असतो, तो भांडण नको म्हणून एका डोळ्याला गप्प करतो. बरीच वर्षं गप्प बसवलेला डोळा मग बोलायचं विसरतो. मोठेपणी डोळे असे बिनसले तर एकाचे दोन दिसतात. लहानपणापासून असेल तर त्रास नाही, फक्त एक डोळा जातो.

काकांनी नीट ऐकलं. म्हणाले, "म्हणजे दोघांतल्या एकाने तोंड मिटायचं, मग संसार चालतो. बरोबर. आमच्या घरात मी." आणि मशीन चालू केलं. पण थोड्या वेळाने घर्र थांबलं. "शेठला नको सांगू," ते म्हणाले. "डोळा बंद पडलाय ते. भाग्य बंद पडलं म्हणेल."

मी पास झाले तेव्हा आईने शेठकडून एक मोठा स्टीलचा डबा घेतला आणि काकांनी त्यावर माझं नाव, पुढे बी. ऑप्टोम., आणि खाली 'पदवी मिळाल्याप्रीत्यर्थ' असं घातलं. पैसे घेतले नाहीत. सर्टिफिकेट कपाटात आहे, ते कोणी बघत नाही. आई त्या डब्यात सुका जवळा ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडायच्या आधी माझी डिग्री वाचावी लागते.

मला मीरा रोडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिथे मला कळलं की काका काही एकटे नाहीत. पोरं येतात, शाळेने पाठवलेली. एखादं फळ्यावरचं उतरवताना ओळ सोडतं, चेंडू झेलत नाही, रंग रेघेबाहेर जातो, 'लक्ष नसतं' असा शेरा. मोठी माणसं येतात, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी. संध्याकाळी अक्षरं एकमेकांवर चढतात, एक डोळा मिटला की बरं वाटतं, डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन पोट बिघडवून घेतलेलं असतं. चष्म्याचा नंबर ठीक असतो. डोळ्यांची जोडी जुळत नसते. त्यांना व्यायाम देतो, बरेच जण सुधारतात. काकांना मी हे सांगितलं की ते मान डोलवायचे, जसं काही गावच्या पाहुण्यांची खुशाली ऐकतायत.

आणि मग ओवी.

ओवी ही काकांची नात, तेव्हा साडेपाच वर्षांची. एकट्या तिलाच काका अख्ख्या नावाने हाक मारायचे नाहीत, नुसतं ओवी. एका उन्हाळ्यात तिचा उजवा डोळा आत वळायला लागला. घरच्यांना आधी वाटलं नखरे करते. मग तो वळलेलाच राहिला. काकांनी काय केलं? बाजारात पेढे वाटले.

"माझ्यावर गेली," ते आईच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले. "डोळा बघ. सेम टू सेम. नशीब काढणार पोरगी."

आईने पेढा खाल्ला आणि मला फोन केला. "काय गो, हे बरं हाय का न्हाय?"

न्हाय, मी म्हटलं.

काकांना सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. "तुझं कॉलेज चार वर्षांचं. माझा डोळा साठ वर्षांचा. तिचं भाग्य पुसू नको."

सूनबाई मात्र ऐकणारी होती. सासऱ्यांना न सांगता ओवीला घेऊन आली. आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. उजव्या डोळ्याची नजर बरीच कमी, नंबर मोठा. चष्मा लागेल, आणि चांगल्या डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे उजव्याला काम करावंच लागेल. "आत्ता वय आहे," मॅडम म्हणाल्या. "सात-आठ वर्षांपर्यंत जेवढं कमावता येईल तेवढं कमवा. मग फार अवघड होतं."

घरी व्हायचं ते रणकंदन झालं. काका दोन दिवस सुनेशी बोलले नाहीत. पण पट्टी सुरू झाली. शाळा सुटली की ओवी पट्टी लावून दुकानात आजोबांकडे यायची, सातला तिची आई घेऊन जायची.

महिन्या-दीड महिन्याने तपासलं. नजर होती तिथेच. अजिबात हलली नव्हती.

"पट्टी लावता ना?" मी सूनबाईला विचारलं.

"रोज! मी स्वतः चिकटवते."

संध्याकाळी माझ्या आईने कोडं सोडवलं. तिची जागा समोरच, आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत. "त्यो तुझा काका हाय ना, त्यो पोरीची पट्टी काढतंय नि खिशान घालतंय. सात वाजले का परत लावतंय. मी सोताच्या डोल्यांनी बगलंय."

मी तशीच दुकानात गेले. ओवी मागे चमच्यांच्या ढिगात खेळत होती, पट्टीशिवाय.

"काका, खिसा दाखवा."

"कशाला?"

"दाखवा."

काकांनी खिशातून पट्टी काढली. चिकटपणा जावा म्हणून नव्हे, राहावा म्हणून ती स्टीलच्या लहानशा वाटीला लावून, वाटीसकट खिशात ठेवलेली. कामात नीटस ते नीटसच.

"रडते गं," काका म्हणाले. "पट्टी लावली की तिला काही दिसत नाही. खांबावर आपटते. मला बघवत नाही."

"दिसत नाही म्हणूनच लावायची! काढलीत तर तो डोळा जाईल. मग तिला एकच डोळा राहील."

"मलाही एकच आहे." काका आता माझ्याकडे बघत होते, निदान डाव्या डोळ्याने. "माझं काय अडलं? सांग ना. नोकरी केली, लग्न झालं, पोरगा शिकला. काय अडलं माझं?"

पुस्तकात त्याचं उत्तर आहे, पण साठ वर्षांच्या माणसाला तोंडावर काय सांगणार, की तुमचं बरंच अडलं, तुम्हाला कळलं नाही? मी नुसतं म्हटलं, "तिला विचारलंय का तुम्ही, तिला एकच हवाय का?" आणि रागारागाने निघून आले. रागावले की मला वाक्य चांगलं सुचतं, उपयोग होत नाही.

उपयोग झाला तो चहाचा.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट, आईने सांगितलेली. संध्याकाळ, दुकानात गर्दी. चहा आला. ओवीला बशीतून चहा प्यायची सवय काकांनीच लावलेली. काकांनी बशी भरली आणि तिच्यासमोर धरली. तिने हात पुढे केला. काकांना वाटलं तिने धरली. तिला वाटलं आपण धरली. दोघांचे हात दोन बोटं इकडे-तिकडे, मध्ये मोकळी हवा, आणि काकांनी बशी सोडली.

चहा तिच्या पायावर. ओवी किंचाळली. आई पाटी टाकून धावली, पायावर गार पाणी ओतलं. छोटा फोड आला, चार दिवसांत गेला. तसं फार काही नव्हतं.

पण काका हललेच नाहीत जागचे. रिकामा हात तसाच पुढे. आई सांगते, ते नुसते तिच्या हाताकडे आणि स्वतःच्या हाताकडे बघत होते. आयुष्यभर काकांनी वस्तू पुढे केली आणि समोरच्याने हात लांब करून घेतली. त्यांना वाटायचं आपण बरोबर देतो. बायकोने घेतलं, शेठने घेतलं, गिऱ्हाइकांनी घेतलं, कोणी बोललं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काय असतं? त्या दिवशी पहिल्यांदा समोर त्यांच्यासारखंच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईकडे गेले तर काका स्टूल सोडून आमच्या पाटीजवळ आले. आधी बुटाचं टोक, मग पाय. माझं अख्खं नाव घेतलं. मग विचारलं, "पट्टी किती तास लावायची म्हणालीस?"

खरं म्हणजे पट्टी असती तरी तो चहा सांडलाच असता. पट्टीने नजर सुधारते, अंतराचा अंदाज त्याच्या पुढची गोष्ट, तो येईल की नाही कोणी सांगू शकत नाही. मला सगळीकडे खरं बोलायची खोड आहे. त्या दिवशी मी फक्त तास सांगितले.

पण रडणाऱ्या पोरीचं काय करायचं हा प्रश्न होताच. काकांनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. संध्याकाळी ओवी आली तर आजोबांच्याही डाव्या डोळ्यावर पट्टी. चांगल्या डोळ्यावर! म्हणजे आता काकांकडे फक्त तो गप्प बसलेला डोळा. त्याला दिसायचं ते धुक्यातून दिसावं तसं, रंग आणि हालचाल. "तू काढलीस की मी काढणार," त्यांनी ओवीला सांगितलं. "मी काढली की तू काढ. बघू कोण आधी हरतंय." ओवी हट्टी, आजोबांवर गेलेली. हरायचं नाव नाही. दोघं एकमेकांचे हात धरून दुकानात फिरायचे आणि ओवी, जिला स्वतःला नीट दिसत नव्हतं, ती आजोबांना ओरडायची, "आजोबा, समोर घागर आहे!"

शेठची तारांबळ उडाली. दुकानाच्या ऐन गर्दीच्या वेळी नाव घालणारा डोळ्यावर पट्टी बांधून बसलेला. पहिल्याच आठवड्यात काकांनी ओवीला दाखवायला म्हणून पट्टी लावूनच एक परात घेतली. अक्षरं झकास, हाताला पाठ होती. फक्त ओळ निघाली ती डावीकडून वर वर चढत काठावरून पलीकडे गेली. शेठने परात हातात घेतली, फिरवली.

"काका, यह नाम किधर जा रहा है?"

"ऊपर," काका म्हणाले. "नवरीकडचे प्रगती करणार."

शेठने ती परात घरी नेली. अजून त्यांच्याकडे आहे.

खरी कसोटी धनतेरसला. शुभ वेळ नेमकी पाच ते सातमधली, आणि पाच ते सात ओवीची पट्टी. शेठ सकाळपासून विनवत होते. "काका, आज तो निकालो. साल में एक दिन. लक्ष्मीजी आएगी तो क्या देखेगी?"

"लक्ष्मीला सांगा, डोळे आलेत."

"अरे, पर वही आँख तो लक्की है!"

"लक्की आहे ती उघडीच आहे," काका म्हणाले. आणि त्यांचं बरोबर होतं. झाकला होता तो साधा डोळा. शेठला हे पटायला वेळ लागला, पण हिशेब चुकत नव्हता. काका नवी टोपी घालून दारात उभे राहिले, बोट धरून ओवी, दोघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी. गिऱ्हाइकांना वाटलं दुकानात साथ आलीय. तरी गर्दी झाली. गर्दी धनतेरसला होतेच, पण हे शेठला कोण सांगणार?

काकांच्या त्या डोळ्याला या पट्टीने काही फायदा होणार नव्हता. त्या वयात होत नाही म्हटलं तरी चालेल. मी त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला कुठे व्हायचाय?"

पाच-सहा महिन्यांनी ओवीला तपासायला आणलं. या वेळी काकाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी ओवीला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला, समोरचा तक्ता लावला. पहिल्या वेळी तिला सगळ्यात वरचं अक्षर धड दिसत नव्हतं. आता वरून एकेक ओळ उतरत गेली. चौथ्या ओळीत एक अक्षर चुकली, परत बघितलं आणि दुरुस्त केलं. पाचवीत अडकली. मॅडम म्हणाल्या, "छान. असंच चालू ठेवा. बरीच येईल नजर."

सूनबाई रडायला लागली. ओवीला कळेना की बरोबर वाचलं तर आई का रडते.

काका भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं काहीतरी गंमत बोलतील. ते पुढे आले, खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि हळू आवाजात विचारलं, "माझं असं झालं असतं? पाच वर्षांचा असताना केलं असतं तर?"

"बहुतेक," मी म्हटलं. "नंबरचा चष्मा आणि पट्टी. बहुतेक झालं असतं."

"मला मास्तरांनी मागे बसवलं होतं. चौथीतून काढलं. म्हणाले, ह्याचं चित्त थाऱ्यावर नसतं." त्यांनी तक्त्याकडे बघितलं. "मग माझ्या आईला कोणी का नाही सांगितलं?"

ते मला दोष देत नव्हते. खरोखरच विचारत होते, रस्ता विचारावा तसं. त्यांच्या गावात तेव्हा सांगणारंच कोणी नव्हतं. राईतही नव्हतं. माझ्या घरातसुद्धा सांगणारी मी पहिलीच. मी म्हटलं, "कोणाला माहीतच नव्हतं, काका."

"हां," ते म्हणाले आणि ओवीची चप्पल तिच्या पायात घालायला खाली बसले. आधी हाताने पाय शोधला, मग चप्पल.

त्यानंतर काकांनी आम्हाला फार त्रास दिला. दुकानात कोणीही पोर घेऊन आलं की काका नाव घालणं सोडून त्या पोराच्या डोळ्यात बघत बसायचे आणि मग आईबापाला आमच्या दवाखान्याचा पत्ता द्यायचे. निम्मी पोरं ठणठणीत निघायची. एकाला नुसती झोप आली होती. एकाच्या डोळ्यात बर्फाच्या गोळ्याचा रंग गेला होता. एक तर काकांची नक्कल करत होता, आणि त्याची आई घाबरून त्याला रिक्षात घालून घेऊन आली. मॅडम मला म्हणाल्या, तुझ्या त्या काकांना जरा आवर.

मी आवरायला जाणारच होते. त्याच आठवड्यात नया नगरहून एक बाई आली, चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून. चांगलीच तापलेली. पर्स टेबलावर आपटली.

"वो बर्तनवाले चाचा, आपके कौन लगते हैं?"

"क्यों, क्या हुआ?"

"भरे बाज़ार में बोल दिया, बच्चे की आँख दिखाओ. न जान न पहचान! हमारे घर में किसी ने आज तक कुछ नहीं कहा. मैंने भी सुना दिया, आपको क्या मतलब? अपनी आँख देखो पहले." तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. आवाज खाली आला. "तो बोले, वही देखके बोल रहा हूँ, बेटी. मेरी माँ को किसी ने नहीं बताया था. इसलिए आपको बता रहा हूँ."

मी मुलाला उचलून खुर्चीत बसवलं, समोर चित्र धरलं आणि त्याच्या एका डोळ्यावर हात ठेवला. मग दुसऱ्यावर.

या वेळी काका बरोबर होते.